नामिबियात शिकार आणि गळ: चार मित्रांच्या पहिल्या सहलीची तयारी

आधी माणसं मोजा. चार असतील तर उत्तम, सहा चालतील. पाच असतील तर आणखी एकाला पटवा किंवा एकाला प्रेमाने घरी ठेवा. तारीख, देश, बंदूक, गळ या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

कारण साधं आहे. नामिबियात परदेशी पाहुण्याला एकट्याने शिकार करता येत नाही, सोबत नोंदणीकृत मार्गदर्शक लागतोच. एका मार्गदर्शकामागे दोन शिकारी, अशी तिथली रीत. नदीवरच्या होडीतही दोन गळ टाकणारे आणि एक होडीवाला एवढीच माणसं सुखाने मावतात. खोल्या दोघांच्या असतात. भाड्याच्या डबल कॅब गाडीत चौघं आणि त्यांच्या बॅगा बसतात, पाचव्याची बॅग मांडीवर येते. आम्ही पहिल्यांदा पाच जण गेलो होतो. पाचव्यासाठी वेगळा मार्गदर्शक, वेगळी होडी, वेगळी खोली. त्याचा खर्च कुणी सोसायचा यावरून राजधानी विंडहुकच्या विमानतळावरच कुरबूर सुरू झाली आणि ती परतीपर्यंत पुरली.

मग विचारायचा दुसरा प्रश्न: बंदूक कोण चालवणार? हा प्रश्न घरी, चहा पिताना, शांतपणे विचारा. चौघांतल्या दोघांनाच शिकार करायची असेल तर त्यात काही बिघडत नाही. बाकीचे दोघे 'बघे' म्हणून येतात, त्यांचा रोजचा दर बराच कमी असतो, आणि माग काढत चार-पाच तास पायी हिंडण्याची मजा त्यांनाही तेवढीच मिळते. मला स्वतःला तर शिकारीतला हाच भाग जास्त आवडतो. ज्याच्या मनाला प्राणी मारणं पटत नाही त्याची चेष्टा करून त्याच्या हातात बंदूक देऊ नका. थरथरत्या हाताने झाडलेली गोळी जनावराला जखमी करते, आणि जखमी जनावर म्हणजे काय हे पुढे सांगतो.

देश कुठला

'आफ्रिकेत शिकार' असं आपण सरसकट म्हणतो, पण हा खंड एका नियमाने चालत नाही. केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे. बोत्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये उठवली. टांझानियात शिकार चालते, पण तिथला परवाना आणि दिवसांचा हिशेब नवख्या मित्रमंडळींच्या खिशाला झेपणारा नाही. उरतात दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया. पहिल्या सहलीसाठी मी नामिबिया सुचवतो.

तिथे रस्ते मोकळे आहेत, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, कामापुरती इंग्रजी सगळीकडे चालते, आणि शिकारीचा कायदा स्पष्ट आहे. त्यामागची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९७५ च्या वटहुकमाने तिथल्या खाजगी शेतमालकांना त्यांच्या जमिनीवरच्या ठरावीक वन्यप्राण्यांचा हक्क मिळाला. तोवर कुरणातलं हरिण म्हणजे गाईच्या तोंडचं गवत खाणारा चोर होता. हक्क मिळाल्यावर तेच हरिण उत्पन्नाचं साधन झालं, आणि शेतकरी त्याला जपायला लागला. १९९६ मध्ये कायदा बदलून हाच हक्क गावसमूहांच्या जमिनींना मिळाला, आणि १९९८ मध्ये न्याए न्याए, तोरा, सालांबाला यांसारखे पहिले समूह नोंदले गेले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारीचा विषयच मिटवला, त्यामुळे हा विचार आपल्याला उलटा वाटतो. तो सगळ्यांना पटेलच असं नाही. पण आपण ज्याच्या अंगणात जाणार त्याचा हिशेब काय आहे, हे माहीत असावं.

दक्षिण आफ्रिकेत गेलात तर एक पथ्य पाळा: पिंजऱ्यात वाढवून कुंपणात सोडलेल्या सिंहांच्या 'शिकारी'च्या वाटेला जाऊ नका. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनेच हा धंदा बंद करण्याचा इरादा जाहीर केला. मित्रांच्या पहिल्या सहलीला सिंह, हत्ती, म्हैस यांची गरजही नसते. कुडू, ओरिक्स, स्प्रिंगबॉक ही तीन हरणं आणि वॉर्टहॉग म्हणजे सुळेवालं रानडुक्कर, एवढे चार प्राणी पुष्कळ झाले.

महिना: इथेच सहल जमते किंवा फसते

नामिबियात शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. हे वाचून लोक वाटेल ती तारीख धरतात. पण फेब्रुवारी ते एप्रिल पावसाचे दिवस, गवत कमरेएवढं, पाणी जागोजागी, त्यामुळे जनावरं पांगलेली. मे ते ऑगस्ट हा शिकारीचा सर्वांत सुखाचा काळ: कोरडी हवा, झडलेली पानं, लांबवर दिसणारं रान.

मासेमारीचं कॅलेंडर मात्र निराळं. उत्तरेला झांबेझी नदीत टायगरफिश नावाचा मासा आहे, त्याच्यासाठी जगभरातून लोक येतात. मार्च-एप्रिलमध्ये नदीला पूर असतो, पाणी मैदानभर पसरतं आणि मासाही त्याच्याबरोबर पसरतो. पाणी उतरून, निवळून, तापायला लागलं की मासा मूळ पात्रात येतो. हा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. नदीच्या पलीकडचा काठ झांबियाचा, आणि तिथे १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते.

दोन्ही कॅलेंडरं एकमेकांवर ठेवली की एकच खिडकी उरते: सप्टेंबर. रान कोरडं असतं, जनावरं पाणवठ्याजवळ येतात, आणि नदीत मासा लागायला सुरुवात झालेली असते. ऑक्टोबरातही चालेल, पण त्या महिन्यात ऊन असं असतं की दुपारी रानातली माशीसुद्धा सावली सोडत नाही.

आता मराठी मंडळींची खास अडचण. सप्टेंबर म्हटलं की बहुतेक वर्षी गणपती, त्याला लागून पितृपंधरवडा, आणि पुढे नवरात्र. चौघांपैकी एकाच्या घरी पाच दिवसांचा गणपती, दुसऱ्याच्या घरी पक्षात मांसाहार बंद, तिसऱ्याच्या घरी घट. पंचांग उघडूनच तारीख ठरवा आणि तिकीट काढण्याआधी ती घरच्यांना सांगा. आमचं एकदा सगळं ठरलं होतं, आणि एकाच्या आईने फक्त 'महालय कधी आहे?' एवढंच विचारलं.

सप्टेंबर कुणालाच जमत नसेल तर नदीचा नाद सोडा आणि किनारा धरा. स्वाकोपमुंड आणि हेन्टीस बे इथे अटलांटिकच्या काठावर उभं राहून लांब काठीने गळ फेकतात. काबिल्यू, स्टीनब्रास, गाल्यून हे मासे लागतात, क्वचित एखादा शार्कही ओढ देतो. काबिल्यूचा जोर नोव्हेंबर ते मार्च असतो, म्हणजे नोव्हेंबरात शिकार आणि किनारा दोन्ही साधतं. विंडहुकपासून स्वाकोपमुंड साधारण ३६० किलोमीटर, एका सकाळचा प्रवास. झांबेझीकाठचं काटिमा मुलिलो मात्र विंडहुकपासून सुमारे १२०० किलोमीटर. दहा दिवस असतील तर किनारा, चौदा असतील तर नदी. दहा दिवसांत नदी कोंबू नका, निम्मी सहल गाडीतच जाईल.

फार्म निवडताना

शिकारीचं ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा हजारो हेक्टरांची गुरांची शेती असते, त्यावरच पाहुण्यांसाठी चार-पाच खोल्या बांधलेल्या. मालक, मालकीण, मार्गदर्शक आणि माग काढणारे मिळून ते चालवतात. नामिबियातल्या व्यावसायिक शिकाऱ्यांची 'नाफा' नावाची संघटना आहे. नावावरून हसू नका, नफ्याशी तिचा संबंध नाही. मार्गदर्शक तिचा सदस्य आहे का, आणि त्याची सरकारी नोंदणी चालू आहे का, हे आधी विचारा.

मग ईमेलवर, लेखी, हे प्रश्न टाका. रोजच्या दरात काय काय येतं: जेवण, धुणं, फार्मवरची गाडी, दारू? विमानतळावरून आणणं-सोडणं धरलं आहे का? १५ टक्के व्हॅट दरात आहे की वर? जनावर जखमी होऊन हाती लागलं नाही तर पूर्ण पैसे द्यायचे का? याचं उत्तर जवळपास सगळीकडे 'होय' असंच येईल, आणि ते योग्यच आहे. भाड्याची बंदूक आहे का, काडतुसं वेगळी मोजता का? जमिनीला कुंपण आहे का, असलं तर किती उंच आणि आत किती हेक्टर? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. साध्या गुरांच्या तारेवरून कुडू उभ्या उभ्या उडी मारून जातो. छोट्या उंच कुंपणातली शिकार ही नुसती निवड असते, तिच्यात माग नाही आणि डावही नाही.

जो मालक या प्रश्नांना वैतागतो, त्याला नमस्कार करा आणि पुढच्याला लिहा.

पैशाची कॉन्ट्री

खर्चाचे दोन भाग वेगळे ठेवा, मग भांडण होत नाही. पहिला भाग सामाईक: गाडी, डिझेल, राहणं, होडी, वाटेतलं खाणं. हा चौघांत समान. दुसरा ज्याचा त्याचा: मारलेल्या प्राण्याची फी, बंदुकीचं भाडं, काडतुसं. फी प्राण्यागणिक ठरलेली असते. स्प्रिंगबॉक आणि वॉर्टहॉग काहीशे अमेरिकन डॉलरमध्ये येतात, ओरिक्स त्याच्या वर, आणि मोठ्या शिंगांचा कुडू त्या सगळ्यांच्या कितीतरी पुढे. 'एक कुडू, चौघांत वाटून' असं कुणी सुचवेल. करू नका. गोळी एकाने झाडायची आणि पैसे चौघांनी द्यायचे, हे पहिल्या दिवशी गोड वाटतं आणि तिसऱ्या दिवशी कडू.

भारतातून पैसे पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरावा लागतो. आगाऊ रक्कम चौघांनी चार वेळा पाठवण्याऐवजी एकाच्या खात्यातून गेली तर बँकेचं शुल्क वाचतं. नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडच्या बरोबरीने चालतो आणि रँडही तिथे सरळ चालतात. बक्षिसी म्हणून माग काढणाऱ्याला, स्वयंपाकघरातल्या बाईंना आणि होडीवाल्याला द्यायच्या नोटा पहिल्याच दिवशी वेगळ्या पाकिटात ठेवा. माग काढणाऱ्याचं पाकीट जाड असू द्या. का ते रानात गेल्यावर कळेल.

कागद आणि लसी

भारतीय पासपोर्टला नामिबियाचा व्हिसा लागतो. एप्रिल २०२५ पासून तिथल्या व्हिसाची पद्धत बदलली आहे, त्यामुळे त्याआधी जाऊन आलेल्या काकांच्या अनुभवावर विसंबू नका. दिल्लीतल्या नामिबियाच्या हायकमिशनकडून ताजा नियम घ्या. पासपोर्टला सहा महिने मुदत आणि कोरी पानं हवीत. भारतातून थेट विमान नाही. आदिस अबाबा, जोहान्सबर्ग किंवा आखातातून बदलून जावं लागतं.

इथे पिवळ्या तापाची भानगड येते. नामिबिया स्वतः त्या आजाराच्या यादीत नाही, पण इथिओपिया आणि केनिया आहेत. त्या देशांतून भारतात उतरताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात बसवतात. विमानतळाच्या आतच राहून विमान बदललं तर सूट आहे, पण विमान चुकून रात्र हॉटेलात काढावी लागली तर ती सूट गेली. लस घेऊनच जा. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

मलेरिया उत्तरेला, म्हणजे झांबेझी-कावांगो भागात आहे. मधल्या पठारावरच्या फार्मवर धोका खूप कमी. गोळ्या कोणत्या आणि कधीपासून हे डॉक्टरांना विचारा. प्रवासविम्यात विमानाने रुग्णालयात नेण्याची सोय आणि शिकारीचा उल्लेख दोन्ही असल्याची खात्री करा. बऱ्याच पॉलिसींत बारीक अक्षरात शिकार वगळलेली असते.

बंदूक आणि सराव

भारतातून स्वतःची बंदूक नेण्याच्या फंदात पडू नका. परवाने, विमान कंपन्या, मधला देश, सगळीकडे कागदांचं रान उभं राहतं. फार्मवर भाड्याने मिळते. कायदा काडतुसाची ताकद मोजतो: स्प्रिंगबॉकसारख्या छोट्या प्राण्याला नळीच्या तोंडाशी किमान १३५० जूल, कुडू-ओरिक्सला २७०० जूल. ३०८ किंवा ३०-०६ ची रायफल या सगळ्यांना पुरते. पिस्तूल आणि स्वयंचलित हत्यारं चालत नाहीत.

सराव मात्र इथूनच करून जा. जवळच्या रायफल क्लबात एअर रायफल किंवा पॉइंट टू-टू चालवली तरी पुष्कळ फायदा होतो. श्वास सोडून अर्ध्यावर थांबवणं आणि चाप न झटकता हळू दाबणं, या दोन सवयी त्याच. फक्त एक बदल करा: टेबलावर टेकून सराव करू नका. रानात टेबल नसतं. तीन काठ्यांची तिपाई उभी करून त्यावर रायफल ठेवतात आणि उभ्यानेच नेम धरतात. घरी बांबूच्या तीन काठ्या रबराने बांधा आणि त्यावर रायफलीऐवजी झाडू ठेवून सराव करा. घरचे हसतील, हसू द्या.

रानातला दिवस

आपल्या डोक्यात शिकार म्हटलं की हाकारा, मचाण, रात्रीचा टॉर्च. यातलं काहीही तिथे नाही. रात्री शिकार बेकायदा आहे. पहाटे उजाडता उजाडता निघायचं, वाऱ्याची दिशा बघायची आणि चालायचं.

पुढे माग काढणारा. त्याची नजर जमिनीवर असते आणि तो बोलत नाही. खुराचा ठसा, उलटलेला खडा, अजून ओली असलेली लेंडी, यांवरून तो सांगतो की कुडू कधी गेला आणि चरत गेला की घाबरून. मार्गदर्शक वाऱ्याचा अंदाज घ्यायला हाताने बारीक राख उडवत असतो. आपलं काम फक्त पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकणं, खोकला दाबणं आणि मोबाइल गाडीत ठेवून येणं.

कपडे मातकट किंवा हिरवट. सैनिकी ठिपक्यांचे नकोत. सहल पुढे झांबिया किंवा झिंबाब्वेत जाणार असेल तर तिथे सामान्य माणसाने तसे कपडे घालणं गुन्हा आहे. आणि स्वेटर न्या. आफ्रिका म्हणजे उकाडा, हा गैरसमज विंडहुकच्या १६५० मीटर उंचीवर पहिल्याच पहाटे उतरतो. जून-जुलैत पाणी गोठतं, सप्टेंबरातही उघड्या गाडीत कान दुखतात.

नेम कुठे धरायचा हे आधी कागदावर शिकून घ्या. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालून एक तृतीयांश वर. तिथे हृदय आणि फुप्फुसं. डोक्यावर, मानेवर नेम धरण्याची हौस नको. गोळी सुटली की लगेच दुसरं काडतूस भरा आणि जागेवरच थांबा. जनावर पळालं म्हणजे गोळी चुकली असं नाही. मार्गदर्शक सांगेल तेव्हाच हला. ओरिक्सच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्याची शिंगं तलवारीसारखी सरळ असतात आणि पडलेला ओरिक्स शेवटच्या क्षणीही ती फिरवतो. जवळ जायचं ते पाठीमागूनच.

जखमी जनावराबद्दल पुढे सांगतो म्हणालो होतो ते इथे. आमच्यातल्या एकाने घाईत गोळी झाडली, कुडू मागच्या पायाने लंगडत गेला. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत सगळे त्या रक्ताच्या थेंबांमागे चालत होतो. माग काढणाऱ्याने दोनदा हरवलेला माग पुन्हा पकडला. अखेर कुडू सापडला. त्या संध्याकाळी शेकोटीजवळ कुणी विनोद केला नाही. शंका असेल तर गोळी झाडू नका. न झाडलेल्या गोळीचे पैसे कुणी घेत नाही.

बऱ्याच फार्मांचे मालक जर्मन वंशाचे आहेत आणि त्यांची एक जुनी रीत अजून पाळतात. पडलेल्या प्राण्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, त्याचा शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी शिकाऱ्याच्या टोपीत खोचतात आणि हात मिळवून 'वायडमान्सहाईल' म्हणतात. उत्तर 'वायडमान्सडांक'. फोटो त्यानंतर, रक्त पुसून, जनावरावर पाय न ठेवता. आपल्याकडे कुणी तसा फोटो काढायला गेला तर त्याला थांबवायचं काम तुमचं.

नदीवर

विंडहुकहून काटिमाला एका दिवसात पोचायचा विक्रम करू नका. रुंडूला, म्हणजे साधारण ७०० किलोमीटरवर, मुक्काम करा. सूर्यास्तानंतर गाडी चालवू नका. कुडू रस्त्यावर येतो, आणि भाड्याच्या गाडीचा विमा बहुतेक वेळा रात्रीच्या अपघाताला लागू होत नाही. बियर-वाइन भरायची असेल तर शुक्रवारीच भरा. दारूची दुकानं शनिवारी लवकर मिटतात आणि रविवारी बंद असतात.

आता टायगरफिश. अंगावर काळे पट्टे, तोंडात एकमेकांत अडकणारे सुऱ्यांसारखे दात. साधी दोरी तो एका झटक्यात तोडतो, म्हणून गळाच्या आधी वीतभर तारेचा तुकडा हवाच. तोंड हाडाचं असल्याने गळ रुतत नाही. मासा लागला की काठी जोराने, दोनदा मागे ओढा. मग तो पाण्याबाहेर उडी मारतो, डोकं हलवतो आणि बरेचदा गळ भिरकावून देतो. मालवणात खाडीवर गळ टाकून मोठा झालेला आमचा मित्र पहिल्या दिवशी सात मासे लागूनही एकच होडीत आणू शकला. त्याचा चेहरा बघायला तिकिटाचे पैसे वसूल झाले.

तीन-चार किलोचा मासा चांगला समजतात. नवखे लोक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा तसाच ठेवतात. तो पक्कडने दाबून सपाट करा, म्हणजे मासा लवकर सोडता येतो. टायगर सोडूनच द्यायचा असतो, काटेही फार असतात. खायला हवा असेल तर होडीवाल्याला 'ब्रीम' मागा. हा चिलापीच्याच कुळातला. उजनीच्या काठावर तळलेली चिलापी खाल्ली असेल तर तिचं हे माहेर, कारण ती आपल्याकडे आफ्रिकेतूनच आली.

पाण्यात हात घालायचा नाही. मगर दिसत नाही आणि पाणघोडा दिसतो तिथे नसतो. होडीवाला म्हणाला 'बसा' तर बसा.

चूल

शिकारीचं मांस फार्मचं असतं, पण खाऊन संपवण्याची पाहुण्यांना पूर्ण मुभा असते. तिथल्या कोळशावरच्या भाजण्याला 'ब्राय' म्हणतात आणि ती अर्धी सहल असते. कॅमलथॉर्न नावाच्या तिथल्या झाडाची लाकडं दीड तास जळू द्यायची, निखारे झाले की मगच जाळी ठेवायची. आपली माणसं ज्वाळेवरच मांस ठेवतात आणि मालक मान फिरवून घेतो.

कुडूच्या मांसात चरबी जवळजवळ नाही. मटणासारखं शिजवायला गेलात तर चामडं होतं. काप पातळ करा, मीठ शेवटी, दोन्ही बाजू भरभर. रस्सा हवा असेल तर तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात, त्याला पोइकी म्हणतात, खांद्याचं मांस आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून निखाऱ्यावर तीन तास ठेवा. मसाला घरून बंद पाकिटात न्या, घरगुती पुरचुंडीत नको. शाकाहारी मित्र असेल तर फार्मला दोन आठवडे आधी कळवा. आयत्या वेळी त्याला उकडलेला बटाटा आणि कोबी मिळतो, तोही तीन दिवस सलग.

बंदुका कपाटात कुलुपात गेल्याशिवाय पहिली बाटली उघडत नाही. हा नियम मालक सांगेलच, आधी तुम्हीच सांगा.

परतताना

शिंगं, कातडं, दात, वाळवलेलं मांस यांतलं काहीही भारतात आणायचा विचार करू नका. कस्टम्सच्या टेबलावर त्याची किंमत हौसेपेक्षा फार मोठी पडते. कवटी फार्मच्या भिंतीवर राहू द्या. मालक खाली तुमचं नाव आणि वर्ष लिहितो, पुढच्या वेळी जायला कारण होतं. उत्तरेकडून दक्षिणेत यायचं असेल तर वाटेत पशुवैद्यकीय कुंपण लागतं. लाळ्या-खुरकुताच्या भीतीने तिथे कच्चं मांस पुढे नेऊ देत नाहीत. डबे उघडून बघतात.

विमानतळावर जाण्याआधी सगळ्यांचे खिसे आणि पाठीवरच्या पिशव्या उलट्या करा. आमच्या एकाच्या जाकिटात भाड्याच्या रायफलीचं एक न वापरलेलं काडतूस राहिलं होतं. ते फार्मच्या फाटकाशीच सापडलं म्हणून बरं. गळ आणि पक्कड चेक-इनच्या बॅगेत. सामाईक खर्चाची वही गेटजवळ बसूनच मिटवा, घरी गेल्यावर ती वही कुणालाच सापडत नाही.